मायक्रॉन मोजून टिकाऊपणा मिळत नाही

ॲल्युमिनियमच्या खिडक्या, रेलिंग, पॅनेल किंवा यंत्राची कव्हरे यांचे कोटेशन मागवले, की फिनिशबद्दल त्यात बहुधा एकच ओळ असते : ‘पावडर कोटिंग, 60 ते 80 मायक्रॉन.’ ग्राहक जरा जागरूक असला तर 80चे 100 करून घेतो आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतो. काम समुद्रालगतचे असेल तर आर्किटेक्ट स्वतःच 120 लिहून मोकळा होतो. माल आला की गेज लावतात, आकडा भरला की बिल मंजूर. यामागे एक सिद्धांत आहे आणि तो इतका सर्वमान्य आहे, की तो मांडण्याची गरजही कुणाला वाटत नाही : थर जितका जाड, तितके आयुष्य जास्त. त्याच्या शेजारी दुसरा, जुना आणि याच्याशी उघड विसंगत असलेला समज नांदतो, की ॲल्युमिनियमला मुळात गंज चढतच नाही. फिनिश केवळ शोभेसाठी. दोन्ही समज एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने राहतात. दोन्ही चुकीचे आहेत, पण सारखेच चुकीचे नाहीत.

आधी जुना समज. त्याच्या बाजूचा पुरावा हलका नाही. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला, जगाला ‘इरॉस’ म्हणून ठाऊक असलेला पुतळा ॲल्युमिनियमचा आहे आणि तो 1893 साली उभा राहिला. रोमच्या सान जोआकिनो चर्चच्या घुमटावर 1897 साली ॲल्युमिनियमचे पत्रे चढवले गेले आणि ते उत्तम टिकल्याचा दाखला धातुशास्त्राच्या पुस्तकांत नेहमी दिला जातो. कारणही पक्के आहे. ॲल्युमिनियमच्या ताज्या कापलेल्या कडेला हवा लागताच तिच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो अवघा काही नॅनोमीटरचा, म्हणजे एका मायक्रॉनच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. पण तो घट्ट असतो आणि खरवडला तरी पुन्हा धरतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असल्याने आतल्या धातूला खातच जातो. इथे ऑक्साइड हेच कवच होते.

या पुराव्याला जोडलेल्या अटी मात्र कुणी वाचत नाही. तो पुतळा आणि ते पत्रे शुद्धतेच्या जवळ जाणाऱ्या ॲल्युमिनियमचे आहेत आणि दोन्ही उघड्यावर, पावसाने धुतले जातात. आपण वापरतो त्या मिश्रधातूंत ताकदीसाठी मॅग्नेशियम, सिलिकॉन, जस्त आणि कधी तांबे घातलेले असते. शिवाय तो पापुद्रा साधारण 4 ते 8.5 पीएचच्या दरम्यानच तग धरतो, आणि त्या मर्यादेतही क्लोराइड त्याला जागोजागी भेदून धातूत खड्डे पाडते. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच, पातेल्यात लोणचे घालून ठेवू नये, हे कुणाला सांगावे लागत नाही. जुन्या पातेल्याच्या तळाला पडणारी सुईच्या टोकाएवढी भोके म्हणजे हेच क्षरण. कोकणपट्टीत पावसाचे चार महिने खिडकी धुतली जाते. उरलेले आठ महिने खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ तिच्यावर बसत राहते. छज्ज्याखाली आणि चौकटीच्या आतल्या खाचेत तर पावसाळ्यातही पाणी पोहोचत नाही, म्हणून पावसाकडे तोंड असलेल्या बाजूपेक्षा आडोशाची बाजू आधी खराब होते. पाऊस धातू बिघडवतो, असे मानणाऱ्यांनी हे एकदा खाली वाकून पाहावे.

आणि इतिहासाचाच दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. ॲनोडायझिंगची, म्हणजे विद्युतप्रवाहाने धातूवर ऑक्साइडचा जाड थर वाढवण्याची, पहिली औद्योगिक पद्धत 1923 साली इंग्लंडमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट यांनी काढली, ती ड्युरॅल्युमिन या मिश्रधातूचे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी. ड्युरॅल्युमिनमध्ये सुमारे 4 टक्के तांबे असते. ज्या धातूला काहीच होत नाही, त्याच्यासाठी एवढा खटाटोप कुणी केला नसता.

आता मायक्रॉनचा सिद्धांत. त्याचा पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो केवळ अज्ञानातून आलेला नाही. काम ताब्यात घेताना ग्राहकाला वस्तू न बिघडवता मोजता येईल, अशी एकच गोष्ट हाताशी असते, ती म्हणजे जाडी. मिश्रधातू कोणता, धुलाई कशी झाली, भट्टीत तापमान किती होते, हे डोळ्यांना दिसत नाही. लेप फारच पातळ असेल तर त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात, हेही खरे. ॲनोडायझिंगच्या बाबतीत तर जाडीचे महत्त्व मान्य करायलाच हवे : आयएस 1868 या भारतीय मानकात ॲनोडिक थराचे वर्ग जाडीवरूनच पाडले आहेत. 5 किंवा 10 मायक्रॉनचा थर घरातल्या कामाला, 25चा बाहेरच्या कठोर हवेला. खाऱ्या हवेत 25 मायक्रॉनचा थर 10च्या थरापेक्षा खरोखरच कमी खड्डे पडू देतो. इथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो हा नियम ॲनोडायझिंगकडून उचलून रंगाच्या लेपाला लावला जातो तेव्हा. आणि ॲनोडायझिंगमध्येही जाडी मोजून बाकी सगळे गृहीत धरले जाते तेव्हा.

रंगाच्या लेपाचे उत्तर एका तुलनेतच मिळते. अमेरिकेत वास्तुकामाच्या ॲल्युमिनियमवरील लेपांसाठी एएएमए 2603, 2604 आणि 2605 अशी तीन मानके आहेत. दक्षिण फ्लोरिडाच्या उन्हापावसात अनुक्रमे 1, 5 आणि 10 वर्षे ठेवून लेपाचा रंग आणि चमक किती टिकली, हे त्यांत तपासतात. सर्वांत कडक 2605ची अट गाठणारे पीव्हीडीएफ या फ्लोरिनयुक्त रेझिनचे लेप प्रायमर धरून 30-35 मायक्रॉनचेच असतात. आपल्याकडचे साधे पॉलिएस्टर पावडर कोटिंग त्याच्या दुप्पट जाड असूनही बहुतेक वेळा पहिल्या पायरीचेच असते. फरक रेझिनचा आहे. पीव्हीडीएफमधला कार्बन-फ्लोरिनचा बंध अतिनील किरणांना जुमानत नाही. साध्या पॉलिएस्टरची साखळी तुटत जाते आणि काही उन्हाळ्यांत बोटाला पांढरी भुकटी लागू लागते. इपॉक्सी तर उन्हात त्याहून लवकर खडूसारखी होते, मग ती 150 मायक्रॉन का असेना. रंग टिकवायचा असेल तर पावडरच्या पोत्यावरचा वर्ग वाचा. गेज त्याबद्दल काहीच सांगत नाही.

उलट जाडी वाढवण्याचे तोटे आहेत. विद्युतभारित पावडर एका मर्यादेपलीकडे स्वतःलाच ढकलू लागते. मग पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो, बारीक छिद्रे पडतात आणि कडेला धक्का लागला की जाड लेपाचा ढलपा निघतो. भरीला भर म्हणजे खोल कोपऱ्यात आणि खाचेत पावडर जातच नाही. सपाट भागावर 120 मायक्रॉन भरलेले असतात आणि पाणी जिथे साचते त्या कोपऱ्यात 25. गेज मात्र सपाट भागावरच लावला जातो.

पण मुख्य मुद्दा हा नव्हे. पावडर कोटिंग केलेले ॲल्युमिनियम समुद्रकाठी बिघडते ते क्वचितच वरून. लेपाखाली, कापलेल्या कडेपासून किंवा ड्रिलच्या भोकापासून, अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद धाग्यांसारख्या रेषा आत सरकू लागतात. याला फिलिफॉर्म क्षरण म्हणतात. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन शार्मन यांनी 1944 साली लाखलेपाखालच्या पोलादावर केले. ॲल्युमिनियममध्ये या धाग्याच्या टोकाशी क्लोराइडयुक्त आम्ल द्रवाचा थेंब असतो. तो धातू विरघळवत पुढे जातो आणि मागे पांढऱ्या ऑक्साइडची शेपटी सोडतो. लेप वरून अखंड राहतो आणि पुढे फुगून सुटतो. धागा लेपातून आरपार जात नाही, लेप आणि धातू यांच्या सांध्यातून जातो. त्यामुळे वर 60 मायक्रॉन आहेत की 160, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कर्तव्य असते ते सांध्याची पकड किती आहे याच्याशी.

ही पकड लेपाच्या आधी ठरते. पत्रा लाटताना, सेक्शन डायमधून दाबून काढताना किंवा ग्राइंडर फिरवताना धातूचा अगदी वरचा थर चिरडला जातो. त्याचे कण बारीक होतात, त्यात तेल आणि ऑक्साइड कालवले जातात आणि तो थर आतल्या धातूपेक्षा जास्त सक्रिय बनतो. फिलिफॉर्मला हेच हवे असते. म्हणून युरोपातल्या ‘क्वालिकोट’ या गुणवत्ता-चिन्हाने समुद्रकाठच्या कामासाठी वेगळा ‘सीसाइड’ दर्जा ठेवला आणि त्याची मुख्य अट अशी घातली, की लेपापूर्वीच्या धुलाईत दर चौरस मीटरमागे किमान 2 ग्रॅम धातू विरघळवून काढला पाहिजे. ॲल्युमिनियमची घनता 2.7 धरून हिशेब केला तर हा पाऊण मायक्रॉनही भरत नाही. जो पाऊण मायक्रॉन काढून टाकायचा, त्यावर समुद्रकाठचे आयुष्य ठरते. आणि आपण भांडतो ते वर चढवलेल्या जादा 40 मायक्रॉनसाठी! त्यानंतर क्रोमेटचा किंवा झिर्कोनियम-टायटॅनियमचा जो रासायनिक थर बसतो, तोही जेमतेम मायक्रॉनभराचा किंवा त्याहून पातळ असतो. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने जग त्यापासून दूर जात आहे आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच्या जागी आलेली रसायने चुकांना कमी क्षमा करतात. त्यांना स्वच्छ पाणी आणि काटेकोर पीएच लागतो.

आता आपल्याकडची रीत पाहा. भोसरी, अंबड, वाळूज, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत कोटिंगवाल्याकडे गेलात तर तो अभिमानाने सांगेल, ‘आमच्याकडे सेव्हन टँक आहे.’ ऐकणाराही समाधानाने मान डोलावतो. सेव्हन टँक ही पद्धत मुळात लोखंडासाठी आहे : तेल काढणे, गंज काढणे, झिंक फॉस्फेट चढवणे, मधूनमधून पाण्याने धुणे. त्याच टाक्यांत ॲल्युमिनियम बुडवले तर साध्या फॉस्फेटच्या द्रावणात ते विरघळते आणि विरघळलेले ॲल्युमिनियम त्या द्रावणालाच बिघडवते. त्याचा बंदोबस्त फ्लोराइड घालून करावा लागतो. तेवढी काळजी न घेणाऱ्या ठिकाणी ॲल्युमिनियमवर फॉस्फेट धड बसत नाही आणि पुढच्या लोखंडाचीही वाट लागते. म्हणजे सात टाक्यांचा आकडा हाही मायक्रॉनसारखाच. ऐकायला भरीव, पण प्रश्न भलताच. विचारायचे ते हे, की ॲल्युमिनियमसाठी वेगळी लाइन आहे का, आणि शेवटची धुलाई डीएम, म्हणजे क्षारमुक्त, पाण्याने होते का.

ॲनोडायझिंगवाल्यांनी एवढ्यात खूश होऊ नये. तिथे विद्युतप्रवाहाने गंधकाम्लाच्या टाकीत धातूचेच ऑक्साइडमध्ये रूपांतर होते, त्यामुळे थर सुटून येण्याचा किंवा धागे सरकण्याचा प्रश्न नसतो. हा त्याचा मोठा गुण. पण तयार होणारा थर सच्छिद्र असतो, चौरस सेंटीमीटरला अब्जावधी छिद्रे. ती बुजवली नाहीत तर 25 मायक्रॉनची जाडी गेजवर दिसते आणि खारे पाणी आत शिरते. उकळत्या शुद्ध पाण्यात सीलिंग करायचे तर दर मायक्रॉनला दोन-तीन मिनिटे, म्हणजे 25 मायक्रॉनला तासभर लागतो. टाकी तासभर उकळती ठेवायची म्हणजे इंधनाचा खर्च, आणि काटकसर नेमकी इथेच होते. सील न केलेला 25चा थर नीट सील केलेल्या 15च्या थरापेक्षा वाईट. हार्ड ॲनोडायझिंगचेही तसेच. थंड टाकीत केलेला 50 मायक्रॉनचा थर घर्षणाला अप्रतिम असतो, पण घर्षणासाठी तो बहुधा सील करत नाहीत, कारण सीलिंगने त्याची झीज सोसण्याची ताकद कमी होते. ‘हार्ड आहे म्हणजे गंजणारच नाही’ हे अनुमान म्हणून टिकत नाही.

फॅब्रिकेशनचे प्रश्न तर मायक्रॉनच्या आसपासही येत नाहीत. वेल्डिंगला 4043 ही तार वापरली तर तिच्यातल्या 5 टक्के सिलिकॉनमुळे ॲनोडायझिंगनंतर सांधा काळपट राखाडी दिसतो. 5356 वापरली तर रंग जुळता येतो. हे ठरवायचे असते वेल्डिंगच्या आधी. टाकीतून बाहेर आल्यावर इलाज नाही. लोखंडावर फिरवलेली ग्राइंडिंगची चकती ॲल्युमिनियमवर फिरवली की लोखंडाचे कण धातूत रुततात आणि लेपाखाली तांबूस ठिपके उगवतात. पोकळ चौकटीला पाणी निथळायला भोक ठेवले नाही तर टाकीतले आम्ल आत अडकते आणि पुढे महिनोन्‌महिने झिरपते. धारदार कड हा तर सर्वांचाच शत्रू : भट्टीत वितळलेली पावडर कडेवरून मागे सरते आणि ॲनोडिक थर कडेशी तडकतो. कड थोडी गोल करणे हे जादा 20 मायक्रॉनपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी. हार्ड ॲनोडायझिंगचा निम्मा थर बाहेर वाढतो, म्हणून 50 मायक्रॉनला आट्यांच्या पिच व्यासात जवळजवळ 0.1 मिलिमीटरचा फरक पडतो आणि बोल्ट बसत नाही. ड्रॉइंगवर मापे फिनिशच्या आधीची की नंतरची, हे लिहिलेले नसते. मग कारागीर आत टॅप फिरवून तोच थर खरवडून काढतो, ज्याचे पैसे आपण मोजलेले असतात.

दोन वेगळ्या धातूंच्या सांध्याच्या बाबतीत तर जाड रंगाचा आग्रह उलटतो. ॲल्युमिनियमला स्टेनलेसचा मोठा ब्रॅकेट जोडला आणि रंग फक्त ॲल्युमिनियमला दिला, तर रंगाला पडलेल्या एका ओरखड्यावर सारे विद्युत-रासायनिक क्षरण एकवटते आणि तिथे धातू खोलवर खाल्ला जातो. असा सांधा असेल तर रंग स्टेनलेसलाही द्यावा आणि मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा.

मिश्रधातूबद्दल एवढेच : 63400, म्हणजेच 6063, या सेक्शनमध्ये तांबे 0.10 टक्क्यापेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा आहे. भंगार वितळवून बनवलेल्या स्वस्त सेक्शनमध्ये ती पाळली जाईलच असे नाही, आणि तांबे वाढले की फिलिफॉर्मही वाढते. डायकास्टिंगच्या एडीसी-12 मध्ये तर तांबे 1.5 ते 3.5 टक्के आणि सिलिकॉन 10 टक्क्यांच्या आसपास. त्यावर सुंदर ॲनोडायझिंग मागणे म्हणजे डागाळलेला राखाडी रंग पैसे देऊन विकत घेणे.

यावर एक प्रतिवाद हमखास येतो : ‘आमच्या लेपाने सॉल्ट स्प्रेचे 1000 तास काढले आहेत.’ सॉल्ट स्प्रे म्हणजे बंद पेटीत 35 अंश सेल्सियसला 5 टक्के मिठाच्या पाण्याचा सतत फवारा. त्यात ऊन नाही, कोरडे पडणे नाही, पुन्हा ओले होणे नाही. आणि फिलिफॉर्मला तर कायम भिजलेपण नको असते, दमट हवा हवी असते. आयएसओ 9227 हे या चाचणीचे मानक स्वतःच सांगते, की या फवाऱ्यातला टिकाव आणि इतर परिस्थितीतला टिकाव यांचा थेट संबंध क्वचितच असतो. दोन बॅचमधला फरक ओळखायला ही चाचणी चांगली. तासांचे वर्षांत रूपांतर करून हमी देणारा एक तर विक्रेता असतो, नाही तर भाबडा.

मग निवड करायची कशी? प्रश्न उलटा विचारावा : या वस्तूवर हल्ला कुठून होणार आहे? साइटवर कापली-ड्रिलली जाणारी, समुद्राजवळची, रंगाचा हट्ट नसलेली चौकट असेल तर नीट सील केलेले 25 मायक्रॉन ॲनोडायझिंग पावडरपेक्षा सरस ठरते, कारण उघड्या कडेपासून त्याच्याखाली काही सरकत नाही. पण तीच चौकट प्लास्टरच्या आधी बसवणार असाल आणि ओला चुना-सिमेंट तिच्यावर उडणार असेल, तर ॲनोडिक थर त्या अल्कलीत विरघळतो. फरशी साफ करायच्या ॲसिडचेही तसेच. तिथे एक तर चौकट शेवटी बसवा किंवा पॉलिएस्टर पावडर घ्या. समुद्रही आहे आणि ठरावीक रंगही हवाच, तर आधी काही मायक्रॉनचे सील न केलेले ॲनोडायझिंग आणि त्यावर पावडर, हा युरोपात रुळलेला उपाय सर्वांत खात्रीचा. महाग आहे, पण 120 मायक्रॉनच्या फसव्या समाधानापेक्षा परवडतो. कडक उन्हातल्या दर्शनी भागाला पीव्हीडीएफ किंवा वरच्या वर्गाची पावडर. घासले जाणारे यंत्रभाग असतील तर हार्ड ॲनोडायझिंग. कारखान्याच्या आतली कव्हरे आणि पॅनेल यांना साधे पॉलिएस्टर भरपूर झाले. तिथे जास्त खर्च करणे म्हणजे पैसे वाया. आणि काहीही निवडले तरी समुद्रकाठी दर तीन-चार महिन्यांनी गोड्या पाण्याने धुणे, विशेषतः आडोशाच्या बाजू, याला पर्याय नाही.

मोजमापाचा हट्ट सोडा, असे माझे म्हणणे नाही. योग्य ते मोजा. पावडर कोटिंगच्या प्रत्येक बॅचबरोबर त्याच मिश्रधातूचा, त्याच टाक्यांतून गेलेला तुकडा मागून घ्या. क्वालिकोटच्या मानकात प्रेशर कुकरची चाचणी आहे : तुकडा शुद्ध पाण्यात एक बार दाबाखाली तासभर शिजवायचा, बाहेर काढून लेपावर धारदार पात्याने आडव्या-उभ्या रेषा मारायच्या, चिकटपट्टी दाबून ओढायची. घरचा कुकर साधारण याच दाबावर चालतो. चाचणीसाठी मात्र जुना, स्वयंपाकातून बाद केलेलाच वापरा. धुलाई वाईट असेल तर लेपावर फोड येतात किंवा चौकोन पट्टीला चिकटून येतात. ॲनोडायझिंगसाठी आम्लाचा थेंब आणि त्यावर रंगाचा थेंब टाकून मिनिटाभराने पुसण्याची चाचणी आहे. डाग राहिला तर सीलिंग झालेले नाही. ऑर्डरमध्ये मायक्रॉनच्या ओळीखाली या दोन चाचण्या, मिश्रधातूचा क्रमांक आणि पावडरचा वर्ग एवढे चार शब्द वाढवा. जो कोटिंगवाला तुकडा द्यायला नकार देईल, त्याला काम देऊ नका.